योनाला निनवेवर दया, नहूमला निनवेचा नाश: एकाच शहराचे दोन निकाल कसे?

कंदील (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या चर्चच्या तरुण संघात सध्या बायबलच्या जुन्या करारातले बारा लहान संदेष्टे, म्हणजे त्यांच्या नावाची बारा छोटी पुस्तकं, वाचायला घेतलीत. योना झाला, मीखा झाला, गेल्या रविवारी नहूम. तीनच अध्याय, त्यामुळे एका बैठकीत मोठ्याने वाचून संपवला. चाबकांचे आवाज, रथांचा खडखडाट, प्रेतांचे ढीग, आणि शेवटी ऐकणारे सगळे टाळ्या वाजवतात. वाचून झाल्यावर बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "योनाच्या शेवटी देवाला निनवेतल्या गुराढोरांचीसुद्धा कीव आली होती ना? मग नहूमच्या वेळी ती गुरंढोरं कुठं गेली?"

पुढच्या रविवारी यावर बोलू असं तिला सांगितलंय. तोवर इथल्या जाणत्यांचं मत घ्यावं म्हणून हा धागा.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निनवे हे अश्शूरी साम्राज्याचं महानगर, तैग्रीस नदीच्या पूर्व काठावर. त्याचे अवशेष आजच्या इराकमधल्या मोसुल शहरात आहेत. योना हा इस्राएलच्या दुसऱ्या यराबाम राजाच्या काळातला संदेष्टा (२ राजे १४:२५), म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकाचा पूर्वार्ध. देव त्याला निनवेला जा म्हणतो, तो याफोच्या बंदरात जाऊन नेमका उलट्या दिशेच्या गलबतात बसतो. वादळ, मासा, आणि शेवटी निनवे. चाळीस दिवसांत हे शहर उलथून पडणार, एवढंच तो सांगतो. राजापासून जनावरांपर्यंत सगळे गोणपाट नेसतात, उपास करतात, आणि देव शिक्षा मागे घेतो. योनाला याचाच राग येतो.

नहूम नंतरचा. मिसरातल्या नो-आमोनचा म्हणजे थीब्जचा पाडाव त्याला माहीत आहे, तो इ.स.पू. ६६३ चा. निनवे पडलं इ.स.पू. ६१२ मध्ये, बाबेली आणि मेदी फौजांच्या हातून. नहूम या दोन सालांच्या मधला.

माझं मत सांगते. लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्याचं प्रकरण झाल्यावर देव मोशेला स्वतःची ओळख सांगतो (निर्गम ३४:६-७): दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, अपराधांची क्षमा करणारा, आणि त्याच दमात, अपराध्याला मुळीच निर्दोष न ठरवणारा. योना चिडून देवाला यातला पहिला भाग ऐकवतो (४:२) आणि तिथेच थांबतो. नहूम 'मंदक्रोध' म्हणतो आणि लगेच दुसऱ्या भागावर जातो (१:३). दोघेही त्याच वचनावर उभे आहेत. म्हणून दयेचा देव आणि न्यायाचा देव अशी वाटणी मला पटत नाही.

पण एवढं सांगून त्या मुलीचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको. तुम्ही काय सांगाल?

दुपारचा_चहा

वाचतेय. जनावरांनाही गोणपाट नेसवायचा हुकूम काढणारा राजा मला फार आवडला. आमच्याकडे पोळ्याला एका बैलावर झूल चढवायची तर दोन माणसं घामाघूम होतात, इथे अख्ख्या शहराची गुरं!

शंकासूर

मी श्रद्धाळू नाही, पण हे वाङ्मय आवडीने वाचतो. दोन पुस्तकं दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या परिस्थितीत लिहिली. नहूमसमोर अश्शूर जिवंत होतं, त्याच्या फौजा अजून फिरत होत्या. योना हा कथेचा नायक आठव्या शतकातला असला तरी पुस्तक यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतरचं आहे असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे तेव्हा निनवे मातीला मिळून शतक तरी उलटलं होतं. मेलेल्या शत्रूवर दया दाखवणं सोपं असतं. देवाच्या स्वभावात उत्तर शोधण्याआधी लेखकाच्या काळात शोधावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

कंदील

शंकासूर, काळाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पण मग पुढचा प्रश्न येतो. ज्यांनी ही पुस्तकं जपली त्यांनी दोन्ही एकाच गुंडाळीत ठेवली. ग्रीक भाषांतराच्या क्रमात तर योना संपला की लगेच नहूम सुरू होतो, मध्ये कोणी नाही. एक ठेवून दुसरं गाळणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही.

शिवाय योना उशिराचा असेल तर त्याची धार वाढते असं मला वाटतं. वाचणाऱ्याला माहीत आहे की याच निनवेच्या साम्राज्याने पुढे इ.स.पू. ७२२ मध्ये राजधानी शोमरोन घेतलं, योनाचं इस्राएल हे उत्तरेचं राज्य संपवलं, माणसं हद्दपार केली. ज्याला माफी मिळाली त्यानेच आपलं घर उद्ध्वस्त केलं, हे ठाऊक असलेल्या लोकांनी ही गोष्ट पुढच्या पिढीला वाचायला दिली. यात सोपं काय आहे?

टेम्स_काठी

लंडनला राहतो. ब्रिटिश म्युझियममध्ये निनवेच्या राजवाड्यातले लाखीशचे शिलापट आहेत, ते पाहिल्याशिवाय नहूम कळत नाही असं माझं मत आहे.

लाखीश हे यहूदा या दक्षिणेच्या राज्यातलं तटबंदीचं शहर. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने ते इ.स.पू. ७०१ मध्ये घेतलं आणि त्याची चित्रं दगडात कोरून स्वतःच्या महालाची एक खोली सजवली. एकोणिसाव्या शतकात ऑस्टिन हेन्री लेयार्डने ती उकरून काढली. वेशीकडे चढवलेले दमदमे, वरून फेकलेल्या मशाली. शहराबाहेर सुळावर दिलेली माणसं. जमिनीला ताणून बांधलेल्या कैद्यांची कातडी सोलताहेत. आणि या सगळ्याच्या बाजूने एक रांग निघालेली: बैलगाडीवर गाठोडी, गाठोड्यांवर बायका आणि मुलं. कोरणाऱ्याने हात राखलेला नाही. राजाला हे दिसायला हवं होतं, आलेल्या पाहुण्यांनाही दाखवायचं होतं.

पटाच्या शेवटी सन्हेरीब सिंहासनावर बसलेला आहे. त्याचा चेहरा मुद्दाम फोडलेला आहे. निनवे पडलं तेव्हा, म्हणजे ६१२ मध्ये, आत शिरलेल्या कोणीतरी तो फोडला असावा असं मानतात.

त्याच संग्रहालयात अश्शूरबनिपालचा बागेतला मेजवानीचा पट आहे. राजा पहुडलाय, राणी समोर बसलीय, वादक वाजवताहेत, आणि शेजारच्या झाडाला एलामच्या राजाचं मुंडकं टांगलेलं.

हे पाहून घरी आलो आणि नहूमची शेवटची ओळ पुन्हा वाचली: तुझ्या दुष्टपणाचा मार कोणावर सतत पडला नाही? त्या टाळ्या मला तेव्हा कळल्या.

मुळाकाठ

टेम्स_काठी दादा, प्रतिसाद मनापासून आवडला.

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. प्रभूचं नाव घेतलं म्हणून गावाच्या विहिरीवर जागा मिळाली असं झालं नाही. पाणी वरून ओतलेलं, ओंजळीत घ्यायचं, ते तसंच राहिलं. आजीला अक्षरओळख नव्हती, पण पाळकसाहेबांनी त्या बारांतला आमोस काढला की ती पदर सावरून पुढे सरकून बसायची. गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकणारे (२:६), मापं खोटी करणारे, वेशीत न्याय नाकारणारे. ही माणसं तिच्या ओळखीची होती. परमेश्वर त्यांना सोडणार नाही, हे वाक्य तिला धमकी वाटत नसे. तो तिचा आधार होता.

'देव फक्त माफ करतो' असं प्रवचन ऐकायला कोणाला गोड वाटतं याचा विचार करा. ज्याच्या मानेवर पाय आहे त्याला आधी तो पाय निघायला हवा. नहूम १:१३ मध्ये देव तेच म्हणतो: तुझ्यावरचं जोखड मोडीन, तुझी बंधनं तोडीन. आणि १:१५ मध्ये डोंगरावरून सुवार्ता घेऊन येणाऱ्याचे पाय दिसतात. सुवार्ता! जुलमी पडला, ही सुवार्ता. यहूदाला निनवेवरचा न्याय हीच दया होती.

वसईची_वाट

सुंदर चाललाय धागा. आम्हा कॅथलिकांकडे राखेच्या बुधवारी योएलचं वाचन असतं, वस्त्रं फाडू नका, अंतःकरणं फाडा. आणि पुढच्याच बुधवारी योनाचा तिसरा अध्याय, जोडीला लूक ११. निनवेचे लोक न्यायाच्या दिवशी उठून या पिढीला दोषी ठरवतील, असं येशू म्हणतो. म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या सुरुवातीलाच आमच्यासमोर निनवेकर आदर्श म्हणून उभे केले जातात.

मला योना नेहमी येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावासारखा वाटतो. बापाने धाकट्याला घरात घेतलं म्हणून अंगणात रुसून उभा. देवाची दया फक्त आपल्यापुरती ठेवू पाहणारा यहुदी कोतेपणा येशूने मोडला, हे नव्या कराराचं मोठेपण.

अलिबागचा_नातू

वसईची_वाट ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर बोलतो. राग नाही, पण बोललं पाहिजे.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. आजोळ अलिबाग तालुक्यातलं, हल्ली अश्दोदला असतो. योनाचं पुस्तक यहुदी लोकांनीच लिहिलं, यहुदी लोकांनीच जपलं, आणि वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेत आम्ही ते पूर्ण वाचतो. पोटात अन्नपाणी नाही, दिवस कलायला आलाय, स्वतःच्या पापांची कबुली चाललीय, आणि तेव्हा योना उभा राहतो. शत्रूची माफी सहन न होणारा तो माणूस आपण आहोत, असंच आम्ही वाचतो. शेवटी मीखाच्या तीन ओळी जोडतात, तुझ्यासारखा देव कोण, जो अन्यायाची क्षमा करतो. हा कोतेपणा मोडायला बाहेरून कोणी यावं लागलं नाही. ग्रंथानेच तो मोडलाय.

कोकणात आमचे पूर्वज या दिवसाला दारफळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे, दारं लावून घरात, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दारं उघडायची आणि दानधर्म करायचा. मुंबईतलं आमचं सगळ्यात जुनं सिनेगॉग, १७९६ चं, त्याचं नाव शआर हारहामीम, दयेचं दार. ते बांधणारे सॅम्युएल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटून आले होते, त्या सुटकेबद्दल त्यांनी ते बांधलं असं आमच्याकडे सांगतात.

वसईची_वाट

नातू दादा, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि तुम्ही ते इतक्या आपलेपणाने सांगितलंत. योम किप्पूरचं वाचन मला ठाऊक नव्हतं. पुढच्या प्रायश्चित्तकाळात योना ऐकताना तुमची ती दुपार आठवेल.

दुपारचा_चहा

अवांतर: नातू दादा, दारफळणीच्या आधी आणि नंतर काय खातात? आणि मलिदा याच सणाचा का?

अलिबागचा_नातू

मलिदा वेगळा, तो एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या नावाने. पोहे, नारळ, गूळ, फळं. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात. दारफळणीचं खाणं घरोघरचं वेगळं, त्यावर नवा धागा काढतो, नाहीतर निनवे बाजूला राहील आणि सगळे पोह्यांवर येतील.

रानजाई

मी वारकरी घरातली, बायबल फार वाचलेलं नाही. एक शंका आहे. देवाने चाळीस दिवसांत नाश होणार म्हटलं आणि मग केला नाही. मग देवाचा शब्द खोटा पडला का? देव मन बदलतो का?

पुणे_ते_कोट्टायम

रानजाई ताई, याचं उत्तर यिर्मया १८ मध्ये कुंभाराच्या घरी मिळतं. चाकावरचं भांडं बिघडलं तर कुंभार त्याच मातीचं दुसरं घडवतो. तिथे देव सरळ सांगतो: एखाद्या राष्ट्राला मी उपटून टाकीन असं म्हटलं आणि ते वाईटापासून फिरलं, तर मीही फिरेन. आणि बांधीन असं म्हटलं पण ते वाईट करू लागलं, तर तेही मागे घेईन. संदेष्ट्याचं काम ज्योतिष्याचं नव्हे. तो इशारा देतो, आणि इशारा ऐकला गेला तर तो सफल झाला असं समजायचं. योनाचा शब्द खरा ठरला म्हणून तर शहर वाचलं.

आता थोडं आमच्याबद्दल. मी पिंपरीत वाढलो, घर मूळचं केरळातलं, सुरियानी ख्रिस्ती. आमच्याकडे ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या तीन आठवडे आधी तीन दिवसांचा निनवेचा उपास असतो. कुरविलंगाडच्या चर्चमध्ये त्या वेळी लाकडी गलबत खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते. माणसं ते गलबत असं डोलवतात की वादळात सापडल्यासारखं दिसतं.

हा उपास आमच्याकडे मेसोपोटेमियातल्या मंडळ्यांकडून आला, आणि तिथले ख्रिस्ती अजून तो पाळतात. निनवेच्या मैदानातच त्यांची गावं आहेत, ते स्वतःला अश्शूरी म्हणवतात. २०१४ च्या जुलैमध्ये दहशतवाद्यांनी मोसुलच्या ख्रिस्ती लोकांना शहर सोडायला लावलं आणि त्याच महिन्यात नबी यूनुसचं, म्हणजे योनाच्या नावाचं मुसलमानांचं स्थान सुरुंग लावून उडवलं. नंतर त्या टेकाडाखाली लुटारूंनी खणलेल्या बोगद्यांत एसरहद्दोन राजाच्या महालाचे अवशेष मिळाले. सन्हेरीबाचाच मुलगा.

तेव्हा निनवे हा शब्द आमच्या प्रार्थनेत शत्रूचा म्हणून येत नाही. तिथे आमची भावंडं राहतात.

रानजाई

धन्यवाद. ज्योतिष आणि इशारा यातला फरक कळला. खूप छान सांगितलंत.

शंकासूर

माहिती फार चांगली येतेय. पण मुलीच्या प्रश्नापासून आपण लांब गेलो. अश्शूरी राजे क्रूर होते, मान्य. मुळाकाठ यांच्या आजींचा आधार मला समजतो, त्यापुढे मी वाद घालणार नाही. पण ६१२ मध्ये निनवेत मेलं कोण? ज्याने लाखीश जाळलं तो सन्हेरीब कधीच मेला होता. त्याच्या पोटच्या मुलांनीच त्याला मारलं, हे बायबलमध्येच आहे. मेले पाणी भरणारे, भाकरी भाजणारे, आणि ते एक लाख वीस हजार, ज्यांना उजवाडावा हात कळत नाही असं देव स्वतः म्हणाला होता, त्यांची नातवंडं-पतवंडं. आणि मारणारे बाबेली काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. याला न्याय म्हणायचं?

टेम्स_काठी

शंकासूर, तुमचा हाच प्रश्न हबक्कूकने विचारलाय, आणि बारा जणांच्या त्या गुंडाळीत तो नहूमच्या लगेच पुढे आहे. तुझे डोळे इतके शुद्ध आहेत, मग आपल्याहून नीतिमान माणसाला दुष्ट गिळून टाकतो तेव्हा तू गप्प का (१:१३)? उत्तर म्हणून त्याला थांब असं सांगितलं जातं, आणि मग बाबेलच्याही नावाने पाच वेळा हाय हाय येते. यशया १० मध्येही अश्शूर ही देवाच्या हातातली काठी आहे, पण काठीने गर्व केला म्हणून तिचाही हिशेब होतो. साम्राज्यं एकमेकांना खातात. संदेष्टे त्यात देवाचा हात पाहतात, पण खाणाऱ्याला निर्दोष म्हणत नाहीत.

मुळाकाठ

मी काल रात्री नहूम पुन्हा वाचला, शंकासूर यांच्या प्रश्नासाठी.

नाक्यानाक्यावर आपटून मारलेली लेकरं त्यात आहेत (३:१०). पण ती निनवेची नाहीत. ती नो-आमोनची आहेत, आणि त्यांना मारणारे अश्शूरी. नहूम निनवेला विचारतो, तू त्या शहराहून बरी आहेस का? पाडाव झाला तेव्हा मिसरातल्या त्या परक्या लेकरांसाठी कोणी रडलं नसेल. त्यांची नोंद एका यहुदी संदेष्ट्याने ठेवली.

निनवेच्या लेकरांबद्दल तो गप्प आहे. पण दुसऱ्या अध्यायात, नदीचे दरवाजे उघडलेत, राजवाडा खचलाय, आणि तिथल्या दासी पारव्यांसारख्या घुमताहेत, ऊर बडवताहेत (२:६-७). त्यांचा आवाज त्याने ऐकला. शेवटी म्हणतो, तुझे लोक डोंगरांवर पांगलेत, त्यांना गोळा करणारं कोणी नाही (३:१८). म्हणजे पुस्तकात सगळ्याच टाळ्या नाहीत.

यापुढे मला उत्तर नाही. मेलेल्या लेकरांना न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि माझ्या आजीचा देव ते म्हणायला लावेल असंही मला वाटत नाही.

एक_वाचक

म्हणूनच मी जुना करार फारसा उघडत नाही. तिथला देव रागीट, येशूचा देव प्रेमळ. सोपं आहे.

कंदील

एक_वाचक, हे फार जुनं मत आहे. मार्कियन नावाच्या गृहस्थाने दुसऱ्या शतकात नेमकं हेच मांडलं आणि रोमच्या मंडळीने इ.स. १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढलं. जुना करार ठेवायचा हे मंडळीने तेव्हाच ठरवलं, आणि मला ते मोलाचं वाटतं. कफर्णहूमला सदोमापेक्षा कठीण जाईल असं म्हणणारा येशूच आहे. आणि "एफ्राइमा, मी तुला कसा सोडून देऊ" म्हणून इस्राएलसाठी पोटातून कळवळणारा देव होशेयच्या अकराव्या अध्यायात आहे. तिथे तो म्हणतो, माझा क्रोध मी भडकू देणार नाही, कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे. माणसाच्या रागाहून आपला राग वेगळा का, हे त्याने तिथे सांगितलंय.

पुणे_ते_कोट्टायम

+१ कंदील ताई. मला या चर्चेत एक गोष्ट अजून आलेली दिसली नाही. निनवेसारखे दोन निकाल यरुशलेमलाही लागले.

मीखाने यहूदाचा राजा हिज्कीया याच्या काळात सांगितलं होतं की सीयोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखं नांगरलं जाईल (३:१२). शंभरेक वर्षांनी यिर्मयावर खटला चालतो तेव्हा वडीलधारी माणसं उठून हेच सांगतात: मीखा असं बोलला, हिज्कीयाने त्याला मारलं का? त्याने देवाची विनवणी केली आणि अनिष्ट टळलं (यिर्मया २६:१८-१९). अगदी निनवेच्या राजासारखं. सन्हेरीबाने आपल्या शिलालेखात हिज्कीयाला पिंजऱ्यात कोंडलेला पक्षी म्हटलं, पण शहर त्याला घेता आलं नाही. मग पुढच्या पिढ्या परत त्याच वाटेने गेल्या, आणि इ.स.पू. ५८७-८६ मध्ये बाबेलने यरुशलेम जाळलं.

तेव्हा परक्यांना एक माप आणि आपल्यांना दुसरं असं इथे नाही. आमोसही आधी दिमिष्क, गज्जा, सोर, एदोम, अम्मोन, मवाब यांचे गुन्हे वाचतो, ऐकणारे खूश, आणि मग यहूदा आणि इस्राएल. एकदा मिळालेली माफी वंशपरंपरेने चालत नाही. यहेज्केल १८ पूर्ण यावरच आहे, आणि त्यातच देव विचारतो, दुर्जनाच्या मरणाने मला संतोष होतो का? तो फिरून वाचावा यातच माझा संतोष ना?

शंकासूर

यरुशलेमची जोडणी माझ्यासाठी नवी आणि पटणारी. पक्षपाताचा माझा आक्षेप मागे घेतो, लेकरांचा ठेवतो.

वसईची_वाट

लेकरांच्या आक्षेपावर माझ्याकडेही युक्तिवाद नाही. ख्रिस्ती म्हणून जे मला दिसतं ते सांगते.

योना शहराच्या पूर्वेला जाऊन मांडव घालून बसला, शहराचं काय होतं ते पाहायला (४:५). येशूही यरुशलेमच्या पूर्वेला, जैतुनांच्या डोंगराच्या उतारावर होता, तिथून शहर दिसलं (लूक १९:४१). त्यालाही त्याचा नाश दिसत होता, तुझी मुलंबाळं धुळीला मिळवतील असं तो बोलला, आणि ते इ.स. ७० मध्ये रोमनांनी केलं. पण तो हे बोलला ते रडत. आणि बोलून तिथे बसून राहिला नाही, खाली उतरून त्याच शहरात गेला, आणि मारल्या जाणाऱ्यांमध्ये स्वतः एक झाला. न्याय खोटा आहे असं तो कधी म्हणाला नाही. पण न्यायाच्या बाहेर मांडव घालून बसायची जागा त्याने स्वतःसाठी ठेवली नाही. क्रूसाबद्दल आम्ही जे मानतो ते हेच.

अलिबागचा_नातू

आमचा विश्वास इथे वेगळा आहे हे तुम्हाला माहीत आहेच. पण रडणाऱ्या संदेष्ट्यांची ओळ आमच्या घरची आहे. यिर्मयाने डोळ्यांचे झरे होऊ देत म्हटलं, यशयाने मवाबासाठी, शत्रूसाठी, माझं काळीज रडतं म्हटलं (१५:५). पूर्वेच्या बाजूचा मुद्दा घेऊन जातोय, योम किप्पूरला आठवेन.

कंदील

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारचं ठरवलंय. टेम्स_काठी, लाखीशच्या पटांची छायाचित्रं मुलांना दाखवेन, आधी तीच. मग नहूम २:७ आणि ३:१० त्या मुलीलाच वाचायला देईन. मग यिर्मया २६. गुरांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून काही सांगणार नाही. योनाचं पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं, योनाचं उत्तर त्यात नाही, आणि नहूमही प्रश्नावरच संपतो. तिचा प्रश्न त्या दोन प्रश्नांच्या शेजारी ठेवायला जागा आहे असं तिला सांगेन. आणि शेवटी यशया १९:२४-२५. इस्राएल, मिसर आणि अश्शूर तिघं मिळून पृथ्वीवर आशीर्वाद होतील. मिसर माझे लोक, अश्शूर माझ्या हातचं काम, इस्राएल माझं वतन. अश्शूरच्या टाचेखाली राहिलेल्या लोकांनी हे लिहून ठेवलं.

टेम्स_काठी

छायाचित्रं व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. सुळाचा भाग वेगळा ठेवतो, मुलांचं वय पाहून ठरवा. बैलगाडीचा भाग जरूर दाखवा.

मुळाकाठ

यशया १९ आमच्या मंडळीत कधीच वाचलेलं ऐकलं नाही. पाळकसाहेबांना सांगते.

रानजाई

मलाही वाचायचंय आता. कुठून सुरुवात करू? एकदम सगळे बारा झेपणार नाहीत.

पुणे_ते_कोट्टायम

आधी योना, चारच अध्याय, अर्ध्या तासात होईल. मग होशेय ११, मग आमोस १ आणि २ एका दमात, देशांची नावं नकाशावर बोट ठेवून. नहूम त्यानंतर, आणि नहूम संपला की न थांबता हबक्कूक. अडलं तर इथेच विचारा.